चेंडू न लागलेली बॅट

परवा ठाण्यातल्या एका मॉलमध्ये क्रिकेटच्या बॅटची खुंटाळी विकायला होती. पात्यावर पितळी आकडे, दांड्याला सुतळी, लाकडाला जुनाट तपकिरी रंग. हातात घेतली आणि राग आला. बॅट कोरी होती. पॉलिश पेपरने कडा घासून वरून रंग फासलेला, आणि चेंडूचे लाल डागसुद्धा ब्रशने काढलेले, एका मापाचे, मधोमध. खऱ्या बॅटवर डाग असे पडत नाहीत. कुणाचे खाली टोकाशी असतात, कुणाचे बाहेरच्या कडेवर. पातं पाहून खेळणारा ओळखता येतो. या बॅटीने एकही चेंडू खेळलेला नव्हता. चांगलं विलो त्यासाठी तोडावं?

जुन्या बाजारातून मी काय काय उचलून आणते हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. खेळाच्या जुन्या सामानातून वापरायची वस्तू घडवणं मला मनापासून आवडतं. जपानमध्ये फुकुई प्रांतात ओबामा नावाचं शहर आहे, चॉपस्टिकसाठी प्रसिद्ध. तिथली ह्योझाएमोन ही कंपनी बेसबॉलच्या मोडक्या बॅटींपासून चॉपस्टिक बनवते. या बॅटी आओदामोच्या लाकडाच्या, आणि ते झाड बॅटीजोगं व्हायला ७०-८० वर्षं लागतात. म्हणून विक्रीतला काही वाटा नवी झाडं लावण्याकडे जातो. मोडलेली बॅट रोजच्या जेवणात येते आणि पुढच्या बॅटीचं झाडही लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे बॅटीला दुसरा जन्म मिळायचा तो मोरीत. दांडा पिचला की पोरं ती टाकून द्यायची आणि आई उचलायची. धोपाटणं म्हणून ती आणखी कितीतरी वर्षं चालायची. चादरी, गोधड्या, सतरंज्या तिनेच बडवल्या जायच्या. वॉशिंग मशीन आलं आणि तेही थांबलं. आता तुटक्या बॅटी होळीत जातात.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे मी भाच्याची तडकलेली बॅट घेऊन गेले. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

“ताई, हिला जवसाचं तेल पाजलंय. फेविकॉल धरायचा नाही. रंधा मारावा लागेल.”

“मागून मारा काका, पुढून नको. डाग राहू द्या.”

ते हसले, पण ऐकलं. विलो हलकं आणि मऊ लाकूड, स्क्रू थेट पिळला की चिरतं. त्यांनी आधी बारीक भोकं पाडली, तडकीत चिवट लाकडाची पाचर बसवली, मग आकडे लावले. “किल्ल्या अडकवा, छत्री अडकवा,” म्हणाले, “भरलेली पिशवी नको.” सव्वाचार इंच ही बॅटीची नियमातली जास्तीत जास्त रुंदी. तेवढ्या पट्टीत घरातल्या साऱ्या किल्ल्या मावल्या. भाच्याने स्वतःचा कव्हर ड्राइव्ह कुठे लागला होता ते बोट ठेवून दाखवलं.

काकांच्या दुकानात तुतीच्या लाकडाची एक जुनी हॉकी स्टिकही आहे. वाफेवर वाकवलेला तिचा आकडा इतका मजबूत की त्यावर ते स्वतःची करवत टांगतात. हल्लीच्या कार्बन फायबरच्या स्टिकचं मात्र असं काही होत नाही. कापायला गेलं तर उडणारी भुकटी फुप्फुसाला वाईट, त्यामुळे घरी त्या वाटेला कुणी जाऊ नये. कॅरम बोर्डाचं सोपं. चौकट शाबूत असेल तर खाली चार बुटके पाय ठोकले की चहाचं टेबल तयार.

मॉलमधल्या त्या खुंटाळीच्या किमतीत काकांची मजुरी भागली असती आणि वर पैसेही उरले असते. तुमच्याही माळ्यावर एखादी तडकलेली बॅट असेल. होळीआधी ती खाली काढा आणि जवळच्या सुताराला दाखवा.