‘सतरा नंबर’ भरण्याआधी

नववीचा निकाल जवळ आला की आपल्या उर्दू शाळांच्या शिक्षकखोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “इसका सतरा नंबर भरवा लो.” सतरा नंबर म्हणजे दहावीला खासगीरीत्या बसण्याचा अर्ज. ज्याची शाळा मध्येच सुटली, जो कामाला लागला, त्याला पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून तो अर्ज आहे, आणि त्या कामासाठी चांगलाच आहे. पण फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायची हौस असलेल्या शाळा तो वेगळ्याच कामाला वापरतात. कच्चं मूल आपल्या पटावरून उतरवायचं आणि खासगीच्या पटावर ढकलायचं. मराठी आणि इंग्रजी शाळाही हे करतात. आपल्या शाळा त्यात मागे नाहीत, एवढंच म्हणतो.

अशा मुलांपैकी काही खरोखरच अभ्यास करत नाहीत. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. काही मात्र जीव तोडून अभ्यास करतात आणि तरी त्यांना चार ओळी धड वाचता येत नाहीत. या वेळचं संपादकीय त्यांच्याबद्दल आहे.

माझी भाची सातवीत होती तेव्हा शाळेने आपाला बोलावून सांगितलं, “लडकी का दिमाग कमजोर है, सिलाई-कढाई सिखाओ.” आपा स्वतः शिवणकाम करते. कुणाचा ब्लाऊज कधी द्यायचा, कुणाचे किती बाकी, तीस-चाळीस गिऱ्हाइकांचा हिशेब ती लिहून ठेवत नाही, मुलीला विचारते. मुलगी तोंडी सांगते, आणि बरोबर सांगते. हिचं डोकं कमजोर कसं, हा प्रश्न शाळेत कुणाला पडला नव्हता. घरातल्यांचा तर वेगळाच समज होता. मकतबमध्ये ती सिपारा म्हणायची, मग शाळेचं पुस्तक का वाचता येत नाही? म्हणजे कामचोर आहे.

इथे जरा थांबून उर्दू लिपीचा विचार करा. बे, पे, ते, से या अक्षरांचं अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, वर की खाली आणि किती. जीम, चे, हे, खे यांचंही तसंच. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. ‘स’ या एका आवाजाला से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरं, आणि ‘ज़’ला ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशी चार. त्यातून छापील उर्दूत ज़ेर-ज़बर-पेश सहसा लावत नाहीत. त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’ हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, आणि संदर्भावरून ओळखावे लागतात. कुरआनमध्ये मात्र प्रत्येक हरकत छापलेली असते, आणि मकतबमध्ये उस्तादांच्या मागे म्हणून म्हणून निम्मं पाठही झालेलं असतं. सिपारा येतो आणि पुस्तक येत नाही याचं कोडं इथे बरंचसं सुटतं. शिवाय आपलं मूल सकाळी अरबी, मग उजवीकडून डावीकडे उर्दू, तासाभराने डावीकडून उजवीकडे मराठी आणि इंग्रजी वाचतं, आणि घरी यापैकी एकही नाही तर दखनी बोलतं. बहुतेक मुलं हे सगळं सहज पेलतात. ज्याच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला मुळातच जड जातं, त्याची मात्र इथे दमछाक होते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही. ‘तारे जमीन पर’ 2007 मध्ये आला तेव्हा आपण सगळ्यांनी थिएटरात डोळे पुसले. गल्लीतल्या ईशानला मात्र अजून ‘ढ’च म्हणतो.

आता कायदा. 1995 च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात हा नव्हता. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचा आणि भाषा दोष, सेरेब्रल पाल्सी हे सगळे त्यात येतात. ज्या मुलाचं दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरतं, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, हा अठरापर्यंत जातो. ही चार वर्षं आपल्या मुलींसाठी किती मोलाची आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या संस्थांचे पदाधिकारी इथे एक उत्तर तयार ठेवतात : “आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला तो कायदा लागू नाही.” अर्धं खरं आहे. 2014 मध्ये प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. पण 2016 चा दिव्यांग कायदा वेगळा आहे. त्याचं सोळावं कलम सरकारने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांबद्दल बोलतं. भेदभाव न करता प्रवेश द्या, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करा, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा, असं ते सांगतं. त्या कलमाची भाषा ‘सरकारने प्रयत्न करावा’ अशी जरा सैल आहे, आणि वकील तिचा फायदा घेतील, हेही मान्य. पण घटनेचं तिसावं कलम आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं तो आपल्या मुलांसाठी. आपल्याच मुलाला दारातून परत पाठवायला त्या कलमाची ढाल करणं मला तरी पटत नाही.

सरकारी यंत्रणा पुरेशी आहे असं मात्र समजू नका. समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, ते शाळाशाळांतून फिरतात. केंद्र सरकारने 2022 मध्ये प्रमाण ठरवलं : प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरामागे एक. कागदावरचं हे प्रमाण आणि एका शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या शाळांची यादी यांचा मेळ बसत नाही. त्यात उर्दू वाचता येणारा विशेष शिक्षक मिळणं म्हणजे नशीबच. आमच्याकडे आलेल्या बाई फार भल्या होत्या. पण त्यांना उर्दू येत नव्हतं, त्यामुळे मुलीची वही त्यांच्यासाठी बंदच होती.

हीच अडचण तपासणीतही येते. अध्ययन अक्षमता रक्ताच्या चाचणीत दिसत नाही. आधी नजर आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणित इयत्तेच्या मानाने किती मागे आहे ते पाहतात. मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत ही तपासणी व्हायला हवी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाचं चाचणीसाधन तयार केलं. सुरुवातीला ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आलं, उर्दूत नाही. माझ्या भाचीची पहिली तपासणी इंग्रजी उताऱ्यावर झाली आणि शेरा आला, “भाषेचा सराव कमी.” तो शेरा उर्दू माध्यमातल्या कुठल्याही मुलाला लागू पडेल. दुसऱ्या ठिकाणी तपासणाऱ्या ताईंनी स्वतःहून सांगितलं, “उर्दूचं पुस्तक आणा आणि वाचून दाखवणारं कुणीतरी सोबत आणा.” मी शेजारी बसून ती कुठे अडखळते ते सांगत गेलो आणि त्या लिहून घेत गेल्या. दीड तास लागला. चाचणी घेणाऱ्याला उर्दू येत नसेल तर अशी सोय मागा. ती मागणं तुमचा हक्कच आहे.

प्रमाणपत्राचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. राज्य मंडळ दहावी-बारावीला अध्ययन अक्षम मुलांना तासाला वीस मिनिटं जादा देतं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, कॅल्क्युलेटर मिळतो, काही विषयांना पर्याय मिळतो. हे आपोआप होत नाही. शाळेने मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि आपल्या कित्येक मुख्याध्यापकांनी असा प्रस्ताव आयुष्यात पाठवलेला नाही. मुंबईत सायन, नायर, केईएम या पालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. जिल्ह्यात शासकीय रुग्णालयात चौकशी करावी लागते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्या एका कार्डावर एसटीची सवलत मिळते, शिष्यवृत्तीचे अर्ज चालतात, पुढे उच्च शिक्षणात पाच टक्के आरक्षणही आहे. बहिऱ्या मुलांसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. ज्यांच्या नावाने ती आहे ते सत्तरच्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचाही खर्च बसतो.

पालक कागदाला घाबरत नाहीत, शिक्क्याला घाबरतात. आपा मला म्हणाली होती, “दिव्यांगचं कार्ड निघालं तर उद्या रिश्ता कोण आणेल?” धाकट्या बहिणीच्या रिश्त्याचीही तिला धास्ती होती. ही भीती खोटी नाही. मोहल्ल्यात गोष्ट पसरायला एक जोहरची नमाज पुरते. पण सातवीत शाळा सोडून सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला कोणती इज्जत मिळते, हेही आपण सगळे पाहतो. कार्ड कपाटात असतं. ते कुठे दाखवायचं हे आईबापांनी आणि पुढे मुलीने ठरवायचं. शाळेने दिलेला ‘कमजोर दिमाग’ हा शिक्का मात्र कपाटात राहत नाही.

काही घरं डॉक्टरकडे जाण्याआधी दर्ग्यावर जातात, गळ्यात तावीज बांधतात. शेजारची हिंदू घरं देवऋषाकडे जातात. आईच्या मनाला धीर मिळत असेल तर मी तिच्याशी हुज्जत घालणार नाही. फक्त बोलायचं वय सरत चाललेल्या मुलाबद्दल “लडके देर सेच बोलते” म्हणून जी दोन-तीन वर्षं जातात ती परत येत नाहीत. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन मुलं तपासतात. मूल मदरशात किंवा विनाअनुदानित शाळेत असेल तर पथकाची वाट पाहू नका, स्वतः घेऊन जा. माझा खरा राग तावीजवाल्यावर नाही, तो चकचकीत दवाखान्यातल्या फसवणाऱ्यांवर आहे. ऑटिझमवर स्टेम सेलचं इंजेक्शन म्हणून लाखो रुपये मागतात, लोक दागिने विकतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करत नाही असं स्पष्ट केलं आहे. स्पीच थेरपिस्ट असो की विशेष शिक्षक, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आणि जमातीच्या पैशाबद्दल बोललंच पाहिजे. दर जून-जुलैत आपल्या जवळजवळ प्रत्येक शहरात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, ट्रॉफी, वजीफा, दोन भाषणं. पंच्याऐंशी टक्केवाल्याला त्या दोन हजारांची गरज असेलही. पण तेच पैसे एकत्र करून चार उर्दू शाळांना मिळून एक विशेष शिक्षक नेमता येईल, आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेता येईल. उर्दू माध्यमात शिकलेल्या आपल्या दोन-तीन मुलींना विशेष शिक्षणाच्या बीएडला पाठवून त्यांची फी भरता येईल. असा वजीफा देणारा ट्रस्ट मला अजून भेटलेला नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात त्याचं काम आनंदाने छापू.

तुम्ही जे वीस-पंचवीसच्या वयाचे हे वाचताय, त्यांच्याकडे पैसे नसतील, पण मोबाइलवर अर्ज भरता येतो आणि मराठीत साहेबाशी बोलता येतं. आपाला या दोन्ही गोष्टी जमत नव्हत्या. रोजंदारीवरचा बाप रुग्णालयाच्या चार खेपा करतो तेव्हा चार दिवसांची मजुरी बुडते, आणि पाचव्या खेपेला तो जात नाही. ती पाचवी खेप तुम्ही करा. एका घराबरोबर शेवटपर्यंत जा, कोणत्या खिडकीवर काय लागलं ते लिहून ठेवा. दुसऱ्या घराला त्याच्या निम्म्याने वेळ लागेल. शाळेने अगदीच दार बंद केलं तर सतरा नंबरच्या आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालय बघा. तिथे उर्दू माध्यम आहे, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतात.

माझी भाची आता नववीत आहे, त्याच शाळेत. मुख्याध्यापक बदलले, नव्या सरांनी प्रस्तावाचा नमुना माझ्याकडून मागून घेतला. तिला अजूनही वाचायला वेळ लागतो, तो लागणारच. आमच्या प्रमाणपत्राला पहिल्या तपासणीपासून चार महिने लागले. शाळा जूनमध्ये उघडते. त्यामुळे ज्यांच्या घरी आठवीतलं असं मूल आहे, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीतच रुग्णालयाची तारीख घेऊन ठेवलेली बरी. जाताना मागच्या तीन वर्षांच्या वह्या सोबत न्या. गुणपत्रिकेपेक्षा तपासणाऱ्याला त्याच जास्त उपयोगी पडतात.