माजघरातल्या गप्पा : कुण्या गावच्या हो बाई तुम्ही?



सुगीची धावपळ ओसरली, की आपल्याकडं माणसं बोलायला मोकळी होतात. लग्नं निघतात, जत्रा भरतात, पाव्हणेरावळे सुरू होतात. आपल्या जालना जिल्ह्यात तर अनोळखी माणसाला गप्प बसू देणं म्हणजे त्याचा अपमानच! एस. टी. त शेजारी कुणी टेकलं, की "कुण्या गावच्या हो बाई?" इथून सुरुवात. उतरायचं गाव येईपर्यंत आपली सासर-माहेरची सगळी वंशावळ तिच्या पदरात पडलेली असते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर ह्या गप्पांना ऊत आला आहे.

हे प्रश्न ठरलेले असतात, आणि उत्तरंही ठरलेली. आज ह्या सदरात मीच त्यांची उत्तरं देणार आहे. पण ठरलेली नाहीत, खरी. तुम्ही वाचता वाचता आपापली उत्तरं मनात जुळवत चला. शेवटी त्यांचं काम पडणार आहे.

गाव कोणतं?

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं आणि सासर घनसावंगी तालुक्यातलं. म्हणजे जिल्ह्याचं एक टोक उत्तरेला, दुसरं दक्षिणेला. माझा जन्म झाला तेव्हा जालना हा जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं. पुढं २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं. माझं माहेर जागचं इंचभर हललं नाही, पण कागदावर जन्माचा जिल्हा लिहायची वेळ आली, की आमचा मुलगा लेखणी हातात धरून माझ्याकडं बघत बसतो.

दोन्हीकडचा अभिमान मात्र सारखाच. सासरचे लोक सांगतात, समर्थ रामदासांचा १६०८ सालचा जन्म आमच्या तालुक्यातल्या जांबचा. मग मी सांगते, भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी पार सांचीच्या स्तूपाला दान दिलं, आणि त्यांच्या गावाचं नाव तिथल्या दगडावर आजही वाचता येतं. इथं बरोबरी सुटते आणि चहा येतो.

पाऊस कसा आहे तिकडं?

हा प्रश्न हवामानाचा नव्हे, खुशालीचा आहे. शहरातले लोक "कसे आहात?" विचारतात, आपण पाऊस विचारतो. अर्थ एकच. माझं उत्तर ठरलेलं : "हाय बऱ्यापैकी." हे उत्तर दुष्काळात चालतं, अतिवृष्टीत चालतं आणि चांगल्या सालीही चालतं, कारण चांगल्या सालाला चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते.

थट्टा सोडा. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुणाचं वय विचारायचं झालं तर "बाहत्तरच्या आधीचा का नंतरचा?" असं विचारतात. १९७२ चा दुष्काळ त्यांच्या मनात मैलाच्या दगडासारखा रोवलेला आहे. आमच्या पिढीचा दगड २०१२-१३ चा. त्या साली जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या, आणि पोरांसारखी वाढवलेली झाडं लोकांनी सरपणाला तोडली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं झालं, मराठवाड्यात पाण्यानंच पिकं नेली. म्हणून कुणी "पाऊस कसा?" विचारलं, तर घाईनं "बरा आहे" म्हणून सोडू नका. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःचंच काही सांगायचं असतं.

जमीन किती?

माझं उत्तर : "पोटापुरती आणि भांडणापुरती." ऐकणारी हसते आणि मग खरा आकडा विचारते, कारण तिच्या भाचीचं लग्न ठरवायचं असतं!

पण बहिणींनो, हा प्रश्न थोडा बदलून विचारून बघा. "तुमच्या नावावर किती?" एस. टी. तली बडबड एकदम बंद पडते. निंदणी आपली, वेचणी आपली, गुरांचं शेण आपलं, आणि सातबाऱ्यावर आपण कुठंच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८९ च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. पुढं १९९२ मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्यानं अर्ज दिला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. भावांनो, तुम्हीही हे सदर वाचता हे मला ठाऊक आहे. ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आहे, म्हणून सांगितलं. तलाठ्याकडं एकदा चौकशी करा.

आवडतं काम कोणतं, नावडतं कोणतं?

नावडतं काम कापूस वेचणं. बोंडाची टोकं बोटांना अशी टोचतात, की संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना मीठ लागलेलं कळतं. लांबून पांढऱ्याशुभ्र रानाचं कौतुक करणाऱ्या पाव्हण्यांना मी एक ओटी बांधून देते. दोन तासांत कौतुक संपतं.

आवडतं काम हुरडा भाजणं. थंडीचे दिवस, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, कणसं चोळून तळहातावर पडणारे गरम हिरवे दाणे. ह्याला काम म्हणायचं का, असा घरच्यांचा सवाल आहे. मी म्हणते, कणसं खुडून आणतं कोण, भाजतं कोण, चोळतं कोण? खाणाऱ्यांनी बोलू नये.

खायला काय आवडतं?

येसराची आमटी आणि ज्वारीची गरम भाकरी. आणि एक गुपित सांगते, बाहेर बोलू नका. आमची मोसंबीची बाग आहे, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पाव्हण्याला रित्या हातानं पाठवायचं नाही म्हणून आम्ही पिशवी भरून मोसंबी देतो. पण मला स्वतःला मोसंबी फारशी आवडत नाही! मला आवडतो तो कच्चा, करकरीत पेरू, तिखट-मीठ लावून. हलवायाची पोरं पेढे खात नाहीत म्हणतात, तसंच हे.

ह्या प्रश्नावरून आमच्या घरी एक गंमत झाली, ती सांगायलाच हवी. नातीला शाळेत 'आजीची मुलाखत' लिहायला सांगितली होती. ती वही घेऊन तिच्या पणजीपुढं, आमच्या आत्याबाईंपुढं बसली. "आजी, तुला काय आवडतं?"

आत्याबाई म्हणाल्या, "मला समदंच आवडतं." पोरगी हटेना. "एकच सांग." आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पोहायला."

मी चुलीपाशी होते. मला वाटलं पोहे. "करते की हो आत्याबाई, शेंगदाणे घालून करते," मी म्हणाले. तर त्या म्हणतात, "अगं पोहे नव्हं, पोहायला! माहेरी मळ्याच्या विहिरीत मी काठावरून उडी टाकायची. भावांच्या आधी तळाचा दगड आणायची."

आम्ही सगळे बघतच राहिलो. लग्न होऊन ह्या घरात आल्या त्याला साठेक वर्षं झाली. तीन पिढ्यांना त्यांनी वाढवलं, कुणाला काय आवडतं, कुणाला वातड भाकरी चालत नाही, कुणाला ताक सोसत नाही, सगळं त्यांना पाठ. आणि त्यांना पोहता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझे मालक, म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणाले, "माय, कधी बोलली नाहीस." त्या सहज म्हणाल्या, "कुणी इचारलं नाही."

त्या तीन शब्दांपायी मी आजचं सदर लिहायला बसले, असं समजा.

नाव घ्या!

आपल्याकडं बाईला वाजतगाजत, दार अडवून, सगळ्यांच्या देखत विचारलेला प्रश्न एकच : "नाव घ्या." आणि त्याचं उत्तर असतं दुसऱ्याचं नाव! मला उखाणे आवडतात, त्यांची मजाच वेगळी. आमच्या बागेवरून मी जुळवलेला एक ऐका :

मोसंबीला दिला ताण, मग फुटला आंबिया बहार,
अमक्या रावांचं नाव घेते, आता मोकळं करा दार!

झाडाला काही दिवस पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तेव्हा ते भरभरून फुलतं, हे बागायतदारांना सांगायला नको. घरातल्या बाईला मात्र ताण नेमानं मिळतो, बहराची वाट बघावी लागते.

पण नवऱ्याचं नाव घेऊन झाल्यावर कुणी "आणि बाई, तुमचं स्वतःचं?" असं विचारलं तर? मघाशी सांचीचं सांगितलं ना, तिथल्या दात्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांची स्वतःची नावं दगडावर कोरलेली आहेत. आत्ता कुठं आपण पुन्हा त्या वाटेला लागलो आहोत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं सरकारी कागदोपत्री लिहायचा महाराष्ट्रात नियम झाला आहे.

आता कामाचं

ओळखीचे प्रश्न म्हणजे नुसता वेळ घालवणं, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघादोघांना समोरासमोर बसवलं आणि छत्तीस प्रश्न दिले. सुरुवातीला हलकेफुलके, मग हळूहळू मनातले. पाऊणेक तासात ती माणसं, नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ आली. त्यातली मेख अशी, की प्रश्न एकानं विचारायचे आणि दुसऱ्यानं उत्तरं द्यायची, असं नव्हतं. दोघांनीही उत्तर द्यायचं. नाहीतर ती चौकशी होते, ओळख होत नाही.

एस. टी. त शेजारणीला आपण तासाभरात जे विचारतो, ते घरातल्या माणसाला वर्षानुवर्षं विचारत नाही. वाटतं, रोजचंच माणूस, त्यात काय विचारायचं? म्हणून ह्या आठवड्याला एवढं करा. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसापाशी बसा आणि हे पाच प्रश्न विचारा :

१. लहानपणी तुम्हाला घरात काय म्हणून हाक मारायचे?
२. तुम्हाला काय येतं, जे आम्हाला माहीत नाही?
३. कोणतं काम आवडीनं केलं आणि कोणतं नाइलाजानं?
४. एक दिवस तुमचा तुम्हाला मिळाला, तर काय कराल?
५. आमच्याबद्दल तुम्हाला काय विचारायचं आहे?

"समदंच आवडतं" ह्या उत्तरावर उठू नका. थोडं थांबा. आणि पाचव्या प्रश्नाला तुमची उत्तरंही खरी द्या.

आत्याबाईंचं पुढं काय झालं, ते तुम्ही विचारणारच. वयामानानं विहिरीचं काही जमायचं नाही. पण आता सुट्टीच्या दिवशी त्या मळ्यात काठाशी बाज टाकून बसतात, आणि पाठीला डबा बांधून नातीपंती पाण्यात उतरल्या, की वरून हुकूम सोडतात, "पाय हाण पोरी, पाय हाण! हात नुसते काय हालवतीस!" थोरली पणती परवा डबा सोडून पोहली.