थांबा, पोराला ट्रॅक्टर पाहू द्या!

प्रवास म्हणजे काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर आपण सुशिक्षित मंडळी अलीकडे साफ विसरलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या लेखी प्रवास म्हणजे दोन गावांच्या मधली अडचण. ती जितकी लवकर सरेल तितके बरे! पुण्याहून कोल्हापूर किती तासांत गाठले, हे लोक परीक्षेतल्या गुणांसारखे सांगतात. वाटेत काय पाहिले, असे विचारा. टोलनाक्याखेरीज काही आठवायचे नाही. मोठ्या माणसांना असाच जन्म काढायचा असेल तर खुशाल काढावा. पण गाडीत अडीच वर्षांचे पोर बसवून त्यालाही हीच दीक्षा द्यायची, हा अन्याय आहे. आणि त्या अन्यायाविरुद्ध आज ऐन फराळाच्या ताटावर भांडायचे मी ठरवले आहे.

अडीच वर्षांच्या मुलाला कोल्हापूर नको असते. त्याला ट्रॅक्टर हवा असतो. आगगाडीचे भक्त असतात, रोड रोलरचेही असतात. पण ट्रॅक्टरच्या भक्ताइतका एकनिष्ठ भक्त मी पाहिला नाही. आणि का नसावा? मोटारगाडी आपले पोट झाकून ठेवते. ट्रॅक्टर फारसे काही लपवीत नाही. त्याचा धूर दिसतो, कणा दिसतो, चालवणारा माणूस उघड्यावर बसलेला दिसतो, आणि तो काय काम करतो तेही दिसते. मागची चाके बापाच्या छातीला लागतील एवढी, पुढची त्या मानाने चिमुकली. असे का, हा प्रश्न पोराच्या डोळ्यांत असतो. भुसभुशीत जमिनीत मोठे चाक भार पसरून धरते आणि मातीची पकड घेते. लहान चाक चटकन वळते. शास्त्राचा पहिला धडा फुकट, रस्त्याच्या कडेला उभा आहे. आपण मात्र त्याच्या मागे भोंगा वाजवतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही कुटुंबासह कोल्हापूरला निघालो. धाकटी बहीण, तिचे यजमान, आई, मी आणि भाचा. उसाचा हंगाम ऐन भरात होता. कऱ्हाड मागे पडले आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागून एक दिसू लागले. "मामा, तॅत्तर!" भाच्याने आरोळी ठोकली. दुसरा दिसला, पुन्हा आरोळी. सहाव्या आरोळीला त्याच्या वडिलांचे डोके उठले. त्यांनी खिशातला फोन मागे दिला आणि बहिणीने त्यावर चित्रफीत लावून दिली. कसली म्हणाल? ट्रॅक्टरची! निळ्या रंगाचा, डोळे मिचकावणारा, इंग्रजी गाणे म्हणणारा ट्रॅक्टर! बाहेर उसाने लदलेला खराखुरा ट्रॅक्टर चालला आहे, आणि आत मुलाची मान खाली वाकवून त्याला खोटा ट्रॅक्टर पाजला जातो आहे. याला काय म्हणावे? देवळाच्या दारात उभे राहून देवाचे छापील चित्र पाहण्यातलाच हा प्रकार!

मी गाडी थांबवायला लावली. भर हमरस्त्यावर नव्हे; आडवाटेला वळून, चहाच्या टपरीपाशी. तिथे एक ट्रॅक्टर उभा होता आणि त्याचा चालक बाकावर चहा पीत बसला होता. भाचा चाकासमोर असा उभा राहिला की जणू पंढरीची वीट सापडली. तेवढ्यात त्याचे वडील हसत म्हणाले, "बघून घे बाळा. अभ्यास केला नाहीस तर हेच चालवायचंय!"

चालक चार हातांवर होता. त्याने ऐकले. तो काही बोलला नाही, कप खाली ठेवून एवढेच म्हणाला, "बघू द्या की पोराला. बघायला काय पैसं पडत्यात?" आणि चाकावरचा चिखल हाताने पुसून त्याने भाच्याला ते नीट दाखवले.

वाचकहो, माझे भांडण खरे तर त्या एका वाक्याशी आहे. ते वाक्य माझ्या मेहुण्यांचे एकट्याचे नाही. घरोघरी ते निरनिराळ्या रूपांत बोलले जाते. मी मास्तर आहे. माझ्या वर्गात ट्रॅक्टर चालवणाऱ्यांची मुले बसतात. ज्या हातांनी आपल्या दिवाळीच्या करंजीतली साखर वाहून आणली, त्या हातांना आपण अभ्यास न केल्याची शिक्षा म्हणून दाखवतो! आणि मग तीच मुले शेताकडे पाठ फिरवतात, तेव्हा आपणच परिसंवाद भरवतो.

ज्या मुलखातून आम्ही चाललो होतो, त्याच मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. ती समजूत घालवायला चिकाटी लागली. तिकडे आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने ट्रॅक्टर आणि नांगर तीन ठिकाणी जोडून एकजीव करण्याची युक्ती काढली. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या पाठीशी तीच जोडणी आहे. यंत्रासमोर टक लावून उभे राहिलेले पोर कुठवर जाईल, हे कोणी सांगावे? आणि समजा ते कुठेच गेले नाही, ट्रॅक्टरच चालवू लागले. तर बिघडले कुठे?

आता आक्षेप घेऊन टाकू. पहिला: लांबच्या प्रवासात मूल रडते, आईबाप थकतात, घटकाभर फोन दिला तर आकाश कोसळते काय? नाही कोसळत. थकलेल्या आईशी माझे भांडण नाही. पण दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी तासाभराहून अधिक वेळ पडद्यापुढे बसू नये, त्याहून कमी तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच सांगितले आहे. आपण तो तास खंबाटकीच्या घाटाआधीच संपवतो! दुसरा: रस्त्यात थांबणे धोक्याचे. अगदी खरे. म्हणूनच जागा पाहून थांबा. पोराला त्याच्या आसनाला नीट बांधा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदाही तेच सांगतो. चालू यंत्राजवळ नेऊ नका, आणि कौतुकाने चाकावरच्या पत्र्यावर तर मुळीच बसवू नका. तिसरा: हेच ट्रॅक्टर रात्री मागे दिवा न लावता, कर्णे लावून जातात. तेही खरे, आणि त्याबद्दल ट्रॅक्टरमालकांना फैलावर घ्यावे. अंधारात दिवा नसलेली ट्रॉली माणसे मारते. पण त्या रागापायी पोराचा आनंद का मारावा?

आपल्याकडे आता मोठे रस्ते झाले. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 साली पुरा झाला. त्यावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे, आणि ताशी 120 किलोमीटरच्या वेगात तो योग्यच आहे. तिथून जरूर जा. पण दर खेपेला, दर सुट्टीत तोच रस्ता धरलात, तर तुमच्या मुलाला महाराष्ट्र म्हणजे एक लांबलचक कठडा वाटेल. कधीतरी जुना रस्ता धरा. एक तास अधिक लागेल. त्या तासात तुरे आलेला ऊस दिसेल, मळ्यातली गुऱ्हाळे दिसतील, आणि सात-आठ ट्रॅक्टर तरी खचित दिसतील.

दिवाळी सरली की उसाचे गाळप भरात येईल. सुट्टीत पोराबाळांना घेऊन तुम्ही निघालच. तेव्हा फोन तुमच्याच खिशात असू द्या. पोर ओरडले की गाडीचा वेग कमी करा. जागा मिळाली की उतरा, चालकाला 'राम राम' घाला आणि पोरालाही घालायला लावा. कोल्हापूर कुठे पळून जात नाही. अडीच वर्षांचे वय मात्र जाते.