पेटीचे तास बागेपासून मोजा

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान ते साधारण 16 तासांत कापते. अमेरिकेला हापूस पाठवायचा विषय निघाला की आपल्या बैठका याच आकड्याभोवती फिरतात आणि उड्डाणे वाढवा, विमानभाडे उतरवा अशी निवेदने मंत्रालयात जातात. भाडे जड आहे, हे खरेच. पण फळाचे आयुष्य विमानात फारसे खर्च होत नाही. आचऱ्याच्या बागेत पहाटे झेल्याने उतरवलेले चौदा आणे फळ आधी प्रतवारीत थांबते, मग टेम्पोतून साडेचारशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापून वाशीला पोहोचते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून चालले आहे, त्यावर आणखी काय लिहावे! वाशीत विकिरणाची पाळी, अमेरिकी निरीक्षकाची उपस्थिती, कागद, सीमाशुल्क, आणि शेवटी विमानात जागा. या साऱ्या थांब्यांपुढे ते 16 तास किरकोळ ठरतात.

मे 2025 मध्ये जे घडले, त्याने हे पुरते उघडे पडले. नवी मुंबईच्या केंद्रात विकिरण होऊन विमानाने गेलेल्या आंब्याच्या 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथे अडवल्या गेल्या. कारण विकिरणाच्या नोंदीतला आणि कागदांतला दोष. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे फर्मान निघाले. परतीचा खर्च परवडणार कोणाला? माल नष्ट झाला. विकिरणाची 400 ग्रे ही किमान मात्रा पूर्ण झाल्याची नोंद पेटी केंद्राबाहेर पडण्यापूर्वीच तपासता येते. ती तपासणी अर्ध्या जगापलीकडे, माल उतरल्यावर व्हावी, ही व्यवस्था कोणत्या शहाणपणाची?

चिपीचा विमानतळ 2021 पासून सुरू आहे, तिथून आंबा उचला, असे काही सभासद आग्रहाने सांगतात. मागणी रास्त आहे, पण अपुरी. आपल्या जिल्ह्यात अमेरिकेला मान्य असलेले विकिरण केंद्र नाही. चिपीहून उडालेल्या पेटीलाही आधी वाशीचीच पायरी चढावी लागेल. जिल्ह्यातच केंद्र उभारा म्हणावे, तर विकिरणासाठीचा कोबाल्टचा स्रोत वापरा न वापरा, क्षीण होतच राहतो. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर तो पोसणे कठीण. म्हणून तूर्त मागायचे ते हे: जामसंड्याच्या पणन मंडळाच्या केंद्रात हंगामभर रात्रंदिवस पूर्वशीतकरण, गाडी निघण्याआधीच ठरलेली विकिरणाची वेळ, आणि विमानतळाकडे पेटी जाण्यापूर्वी मात्रेच्या नोंदीची प्रत पाठवणाऱ्याच्या हाती.

मात्र अधिकाऱ्यांपुढे हे मांडायचे तर पुरावा लागतो, आणि तिथे आपण ढिले आहोत. काढणीची वेळ लिहून ठेवायला सांगितले की कित्येक बागायतदार टाळाटाळ करतात, आणि मग साका निघाला की दोष एकट्या वाशीला. बंधूंनो, या हंगामात प्रत्येक खेपेच्या चिठ्ठीवर काढणी, गाडी सुटणे, वाशीला पोहोचणे, विकिरण आणि उड्डाण अशा पाचही वेळा लिहा आणि चिठ्ठीची नक्कल आमच्याकडे पाठवा. जूनच्या अंकात आम्ही त्या जशाच्या तशा छापू आणि तोच अंक घेऊन पणन मंडळाकडे जाऊ.