घटिकापात्र

मे महिन्याची सुटी लागली म्हणजे आमचे दहिवलीचे घर पुन्हा घरासारखे वागू लागते. एरवी आम्ही दोघे म्हातारी माणसे आणि परसातला फणस, एवढाच काय तो परिवार. पण पुण्याहून नात आली की माळा, फडताळ, कोनाडे, काहीच तिच्या तावडीतून सुटत नाही. आजीपणाची मौज ही की, ज्या उद्योगांसाठी आपण मुलांच्या पाठीत धपाटे घातले, त्याच उद्योगांसाठी नातवंडांना शिडी धरून उभे राहण्यात आपल्याला धन्यता वाटते. यंदा मी शिडी धरली आणि ती माळ्यावर चढली. उतरली ती केसांत जळमटे व हातात एक काळवंडलेली तांब्याची वाटी घेऊन.

“आजी, हिला भोक आहे. टाकून द्यायची का?”

ते आमचे घटिकापात्र. ज्या वाचकभगिनींची लग्ने मंगल कार्यालयातील घड्याळावर लागली, त्यांच्याकरिता सांगते. बुडाशी बारीक छिद्र असलेली ही वाटी घंगाळातील पाण्यावर सोडावयाची. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते, आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे, अहोरात्रीच्या साठ. लग्नघरी सूर्यबिंब अर्धे उगवताना किंवा अर्धे मावळताना वाटीची पूजा करून ती पाण्यावर ठेवीत, बुडाली की काढून पुन्हा ठेवीत, आणि मुहूर्ताची घटिका भरेपर्यंत कोणी तरी जाणत्याने तिच्यावरची नजर हलवावयाची नाही, असा दंडक असे. माझ्या आईचे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, ते गावचे जोशी. पंचक्रोशीतील कितीतरी वधूवरांच्या मस्तकी या वाटीच्या साक्षीने अक्षता पडल्या.

माझ्या आईबाबांचे लग्नही तिच्याच साक्षीने, याच अंगणात, १९४६ च्या वैशाखात लागले. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात होता आणि त्याने मुलीची मर्यादा चौदाची ठरविली होती, तेव्हा त्या दृष्टीने सारे यथास्थित होते. (आपल्याकडे हे नाव ऐकताच देवलांच्या १८९९ सालच्या नाटकातील शारदाच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येई; पण कायद्याचे नाव पडले ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून.) आईची आई पूर्वीच वारलेली, भाऊ नाही, बहीण नाही. लग्न करून ती कल्याणास गेली, आणि घरी आप्पा एकटे राहिले.

दोन वर्षे होतात न होतात तो, १९४८ साली, बाबा बिऱ्हाड मोडून सासुरवाडीस राहावयास आले. मुंबईस रेल्वेच्या कचेरीत ते कारकून होते; तेव्हाची जी. आय. पी., १९५१ पासून मध्य रेल्वे. कर्जतपासून बोरीबंदर शंभर किलोमीटर. पहाटे कंदील घेऊन स्टेशन गाठावयाचे आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परतावयाचे, ही वारी त्यांनी सेवानिवृत्त होईपर्यंत केली. कोणी विचारले तर म्हणत, “फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत निर्वासित आले; जागा परवडेनाशी झाली.” गाव अर्थातच हसे. इतरांच्या घरी जावई म्हणजे दहावा ग्रह. आमच्या घरी तो रविवारी विहिरीचे पाणी ओढी. रात्री जेवणे आटोपली की बाबा आप्पांपाशी बसून पंचांग मोठ्याने वाचीत, तिथी, नक्षत्र, योग, करण, एकेक दोनदोनदा. मला वाटे, सासऱ्याची मर्जी राखणे चालले आहे. शाळेत मुली मला ‘घरजावयाची’ म्हणून चिडवीत. आप्पा वारले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. चिडवणे त्यानंतरही थांबले नाही.

आईबाबांचे आपसांतील बोलणे म्हणाल तर ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’ यांच्या पलीकडे आम्हा मुलींच्या कानी फारसे कधी पडले नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी कॉलेजात असताना वाचली. लक्ष्मीबाईंच्या घरातील ती भांडणे, ते रुसवे, ते मनमोकळे हसणे वाचून मला हेवा वाटे. आमच्या घरी भांडण नाही की हसू नाही. या दोन माणसांना एकमेकांशी बांधून ठेवले आहे ते केवळ रूढीने, असा निवाडा मी विसाव्या वर्षी देऊन मोकळी झाले.

तो निवाडा मनातच राहता तर बरे होते. माझ्या लग्नाच्या खटपटी चालल्या असताना, १९७१ साली, मी आईला म्हणाले, “मला बाबांसारखा नवरा नको. स्वतःच्या घरात राहण्याची धमक असलेला पाहा.” माजघरातून बोलले, बाबा ओटीवर वाल सोलीत बसले होते. सोलण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आईने माझ्याकडे पाहिले; बोलली मात्र काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा नेहमीच्या गाडीने गेले.

बाबा १९८९ साली वारले. त्यानंतर सात वर्षांनी, आई अंथरुणास खिळली असता, एका दुपारी तिने आपण होऊन सांगितले ते असे.

लग्नाचा मुहूर्त सूर्यास्तानंतर तिसऱ्या घटिकेचा होता. आई माजघरात गौरीहरापाशी बसलेली, आणि दारातून तिला घंगाळ दिसत होते. शेजारी गॅसबत्ती, आणि आप्पा वाटीवर ओणवे झालेले. वाटी बुडताना बारीक ‘डुब्’ असा आवाज करते. पण त्या वेळी बाहेर ताशे वाजत होते. वाटी बुडाली. आप्पा मात्र तसेच पाण्याकडे पाहत राहिले. एका पोराने “जोशीबुवा, बुडाली की!” म्हणून हाक दिली, तेव्हा ते दचकून हसले आणि मंगलाष्टके सुरू झाली. आप्पा कानाने घटिका मोजतात, त्यांचे डोळे गेले आहेत, हे त्या मांडवात फक्त नवऱ्या मुलीला कळले. अंतरपाटापलीकडे कोण उभे आहे, याकडे तिचे लक्षच नव्हते.

वरात कर्जतहून गाडीने निघाली. नेरळ मागे पडल्यावर आई नवऱ्याशी पहिले वाक्य बोलली: “आप्पांना दिसत नाही. कुणाला ठाऊक नाही.” बाबांनी उत्तर दिले नाही. कल्याण येईपर्यंत दोघे गप्प होती. आईला वाटले, झाले, आपण भलतेच बोललो.

उत्तर १९४८ साली आले. डोळे नसलेल्या जोश्याला लग्नास कोण बोलावणार? म्हणून बाबांनी स्वतःला दरिद्री म्हणवून घेतले, घरजावई म्हणवून घेतले, आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पंचांग आप्पांच्या तोंडी बसविले. रविवारच्या लग्नांना ते बरोबर जात आणि घंगाळाशी बसत.

“पण आप्पा गेल्यावर तरी सांगायचंस!” मी रडत म्हणाले.

“हे नको म्हणाले,” आई म्हणाली. “लोकांना आपापल्या मुहूर्ताची शंका येईल. आता काय, ती सगळी लग्नं पार पडली.” आणि ती चक्क हसली.

हे सारे मी नातीला सांगितले. सांगायला नको होते की काय, कोण जाणे. अकरा वर्षांची आहे. तिने ऐकत ऐकत चिंच लावून वाटी लखलखीत केली आणि विचारले, “मग तू पणजोबांना सॉरी म्हणालीस?”

“ते तेव्हा नव्हते ग.”

यावर तिने मला पुष्कळ वेळ न्याहाळले. मग बादली भरून आणली, मोबाइलवर वेळ लावली आणि वाटी सोडली. पहिली खेप सत्तावीस मिनिटांची झाली. “आजी, तुमची घटिका स्लो आहे,” असा निकाल देऊन तिने सुईने छिद्रातील कळंक काढला. दुसरी चोवीस मिनिटे आणि काही सेकंदांत बुडाली, तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या. आमचे ‘हे’ झोपेतून उठून काय झाले म्हणून पाहावयास आले.

तिसऱ्या खेपेस तिने हुकूम सोडला, “आता तू डोळे मीट. आप्पांसारखं नुसतं ऐकून सांग.”

मी डोळे मिटले. शेजारी एका मुंबईकरांचे नवे घर उठते आहे, तेथे फरशी कापण्याचे यंत्र सुरू होते. फणसावर कावळे ओरडत होते. मी बादलीकडे कान लावून बसले, पुष्कळ वेळ बसले. अखेर एक ओला हात माझ्या गुडघ्यावर पडला.

“आजी, बुडाली की. मघाशीच.”