सात जून : मृगाच्या उंबरठ्यावर

राळेगावात सात जूनला सूर्य सकाळी 5 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी 6 वाजून 55 मिनिटांच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी मुंबईचा सूर्योदय 6 वाजता आणि सूर्यास्त 7 वाजून 14 मिनिटांच्या आसपास असतो. एका रेखांशाला चार मिनिटे, या शाळेतल्या हिशेबाने एवढे अंतर पडते. ज्या घरात चौविहाराचे पच्चक्खाण घेतले जाते, त्या घरात ते किरकोळ मानता येत नाही. मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठविलेले, तिकडच्या वेळांचे कोष्टक विदर्भातील स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागते. सून सात वाजता सासऱ्यांपुढे ताट ठेवते. कोष्टकाप्रमाणे अजून चौदा मिनिटे शिल्लक असतात, राळेगावच्या क्षितिजावरून मात्र सूर्य जाऊन पाच मिनिटे झालेली असतात. सकाळी याच्या उलट घडते. नवकारसीची 48 मिनिटे, म्हणजे दोन घटका, येथे 6 वाजून 23 मिनिटांनी पुऱ्या होतात आणि मुंबईचे कोष्टक पाहणारा आणखी पंचवीस मिनिटे थांबतो. तेथे हानी होते ती फक्त चहाची. कोष्टक आपल्या गावाचे आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे.

दुपारची गंमत मुलांना अंगणात दाखविण्याजोगी आहे. सावली उत्तरेकडे पडते असे आपण धरून चालतो. वर्षातील दहा महिने ते खरेही असते. परंतु मेच्या चौथ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य राळेगावच्या माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. सात जूनला 12 वाजून 15 मिनिटांनी एक मीटर उंचीची काठी उभी रोवली, तर जेमतेम चार सेंटिमीटरची सावली पडते, आणि ती दक्षिणेकडे. ज्यांना या उन्हात काठी घेऊन उभे राहण्याचा उत्साह नसेल, त्यांनी ओसरीत बसून ऐकीव माहितीवर समाधान मानावे.

ऊन मात्र ऐकीव नसते. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा सुरू होतो. त्याचे नऊ दिवस सरले तरी जमिनीची धग ओसरत नाही. मग सात किंवा आठ जूनला मृग लागतो. ही तारीख पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहे असे वाटते, पण नक्षत्रांचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे असल्याने सुमारे 72 वर्षांत ती एक दिवसाने पुढे सरकते. 1674 च्या जूनमध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, त्या काळी मृग आजच्या मानाने जवळजवळ पाच दिवस आधी लागत असे. पावसाला अर्थात या सरकण्याची वार्ता नसते.

मृगाबरोबर त्याचे वाहन येते. पंचांगात ते छापलेले असते, पण ते कसे काढतात हे ठाऊक असणारे थोडे. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र ज्या नक्षत्रात असेल, तेथपर्यंत सूर्याच्या नक्षत्रापासून मोजावे, संख्येला नवाने भागावे आणि बाकी पाहावी. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि शून्य बाकीला हत्ती. समजा, मृग लागताना चंद्र स्वातीत आहे. मृगापासून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रे. नवाने भागता बाकी दोन. वाहन कोल्हा, पाऊस हुलकावणी देणारा. चंद्र हस्त, श्रवण किंवा रोहिणीत असेल तर हत्ती. सत्तावीस नक्षत्रे आणि नऊ वाहने, म्हणजे प्रत्येक वाहनाच्या वाट्याला बरोबर तीन नक्षत्रे. बेडूक, म्हैस आणि हत्ती ही भरपूर पावसाची मानली, तर सत्तावीसपैकी नऊ वेळा भाकीत शुभ येणारच. आणि जे वाहन रत्नागिरीला तेच राळेगावला! हिशेब सुबक आहे; फक्त ढगांना त्यात कोठे विचारलेले नाही.

ढगांना विचारण्याची रीत निराळी आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 ची. त्याच्या नोंदीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सात जूनच्या दुपारी चार वाजता कोसळलेली सर आठ तारखेच्या नावे जमा होते. जणू वेळ संपल्यावर बँकेच्या खिडकीशी आलेला भरणा. चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडले तरच तो पावसाळी दिवस, त्याखालचा हिशेबात नाही. आणि कृषी विद्यापीठांचा सल्ला असा की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय कपाशीची पेरणी करू नये. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यास येतो. मृग आणि मोसमी पाऊस यांच्यामधल्या या आठ-दहा दिवसांतच राळेगावच्या बाजारपेठेतला सारा पेच असतो.

वर्धा नदीच्या अलीकडचा हा काळ्या मातीचा, कपाशीचा तालुका. येथील पेढीवर वर्षाची सुरुवात तीनदा होते: वहीपूजनाची कार्तिकात, बँकेची एप्रिलमध्ये आणि कापूस हंगामाची 1 ऑक्टोबरला. शेतकऱ्याचे वर्ष मृगाला लागते, आणि त्याच्या वर्षावर बाकीची तिन्ही उभी असतात.

येथल्या एका कृषी केंद्राच्या वृद्ध मालकांच्या खातेवहीत डाव्या समासात बारीक अक्षरांत आकडे असतात. ते पावसाचे. गच्चीवर पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला, सामायिक आणि पूजा आटोपून, ते वर जातात आणि आकडा उतरवून घेतात. ही सवय त्यांना एका वर्षाने लावली. त्या वर्षी मृगाच्या पहिल्याच दिवशी बावीस मिलिमीटर पाऊस झाला. बावीस मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे 89 हजार लिटर पाणी. आकडा ऐकून शेत तुडुंब भरल्यासारखे वाटते. पण तापलेल्या काळ्या जमिनीची ती पहिली तहान असते. वरची चार बोटे माती भिजते, सरकी फुगते, कोंब वर येतो, आणि मूळ खाली उतरते तेव्हा तेथे कोरडी भेग असते. त्या दिवशी दुकानासमोर दुपारपर्यंत रांग होती. संध्याकाळी बियाण्याची एक पिशवी उरली नव्हती. पुढे एकोणीस दिवस आभाळ कोरडे राहिले.

त्यानंतर तेच शेतकरी पुन्हा आले. दुबार पेरणीचे बियाणे, तेही उधारीवर. एकाच नावाखाली एकाच महिन्यात दोन रकमा पडल्या. दिवाळीला ताळेबंद मांडला, तेव्हा त्यांना दिसले की दुकानाच्या साऱ्या आयुष्यात बियाण्याची एवढी विक्री कधी झाली नव्हती. त्या वर्षी वही पुजताना त्यांचा हात थांबला होता, असे घरची मंडळी सांगतात. ज्यांच्या नावे दोन रकमा होत्या, त्यांतल्या एकाने पुढल्या उन्हाळ्यात बैलजोडी विकून खाते पुरे केले आणि पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. हिशेबाच्या दृष्टीने ते खाते निर्दोष आहे. मालक ते पान अधूनमधून उघडून बसतात.

हा केवळ एका दुकानाचा प्रश्न नव्हता, हे पुढे साऱ्या देशाला कळले. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्या सहांत यवतमाळ होता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

सात जूनच्या इतिहासातही एक उधारीचा दावा दडलेला आहे. 7 जून 1893 च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असताना तेवीस वर्षांच्या मोहनदास गांधींना गाडीतून उतरविण्यात आले. आपल्याकडे मृगाची तलखी असते तेव्हा त्या गोलार्धात कडाक्याचा हिवाळा असतो; त्यांचा ओव्हरकोट सामानात राहिला होता आणि रात्र प्रतीक्षागृहात कुडकुडत गेली. एवढे सर्वांना ठाऊक असते. ते प्रिटोरियाला कशासाठी निघाले होते, हे व्यापारी वाचकांनी अवश्य पाहावे. दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या व्यापाऱ्याचा आपल्याच नात्यातल्या तैयब शेठवर चाळीस हजार पौंडांचा दावा होता. सारे प्रकरण हिशेबाच्या वह्यांचे आणि प्रॉमिसरी नोटांचे. बॅरिस्टर गांधींना तेव्हा जमा-नावे कळत नव्हते. त्यांनी हिशेबलेखनाचे पुस्तक विकत आणून अभ्यास केला. दावा कोर्टात लांबत राहिला तर दोन्ही घरे वकिलांच्या फीत बुडतील हे पाहून त्यांनी दोघांना लवादास राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला: सुमारे 37 हजार पौंड आणि खर्च. परंतु रक्कम एकदम मागितली असती तर तैयब शेठचे दिवाळे निघाले असते, आणि त्या व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण पत्करीत. गांधींच्याच सांगण्यानुसार, पक्षांना लवादापर्यंत आणण्यापेक्षा हे हप्ते मंजूर करून घेणे अधिक कठीण गेले. दादा अब्दुल्लांनी दीर्घ मुदतीचे हप्ते अखेर मान्य केले. येणे बुडाले नाही आणि देणेकरीही बुडाला नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी, जुलै 1891 मध्ये, विलायतेहून मुंबईत उतरताच गांधींची भेट श्रीमद् राजचंद्रांशी झाली होती. जवाहिऱ्याच्या पेढीवर बसणारे हे शतावधानी. गांधींनी निरनिराळ्या भाषांतील शब्द त्यांना वाचून दाखविले आणि त्यांनी ते त्याच क्रमाने म्हणून दाखविले. पुढे 1894 मध्ये आफ्रिकेतून गांधींनी त्यांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. सत्तावीस हा आकडा नक्षत्रांचाही आहे. हा निव्वळ योगायोग, त्यातून कोणी बाकी काढू नये.

याच तारखेला 1954 मध्ये इंग्लंडचे गणिती ॲलन ट्यूरिंग वारले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संकेतलिपी उलगडणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्याच युद्धात, जानेवारी 1942 मध्ये, लंडनच्या एका दैनिकाने शब्दकोडे बारा मिनिटांत सोडविण्याची स्पर्धा घेतली आणि यशस्वी झालेल्यांपैकी काहींना पुढे संकेतलिपीच्या कामासाठी गुपचूप बोलावणे आले. कोडी सोडवीत बसलेल्या नातवंडांना रागावण्यापूर्वी आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. 2019 पासून हा दिवस जागतिक अन्नसुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. पावसाळ्यापूर्वी धान्याला ऊन दाखवून, निवडून-पाखडून ठेवणाऱ्या घरांना त्याचे फारसे नावीन्य नाही.

आता आजचे कोडे, वजनकाट्याचे. एका व्यापाऱ्याचे चाळीस शेरांचे, म्हणजे बरोबर एका मणाचे, दगडी वजन हातून निसटले आणि त्याचे चार तुकडे झाले. तो हळहळला, पण तुकडे तोलून पाहता त्याला आनंदच झाला. त्या चार तुकड्यांनी एकापासून चाळीसपर्यंत कोणतेही पूर्ण शेरांचे वजन एकाच तोलात करता येत होते. तुकडे किती किती शेरांचे? कोडे जुने आहे. फ्रान्सच्या बाशे या गणितज्ञाच्या 1612 च्या पुस्तकातही ते आढळते. कागद-पेन्सिल घेण्यापूर्वी तागडीला पारडी दोन असतात, हे आठवावे.

सात जूनच्या संध्याकाळी राळेगावच्या पश्चिमेला आभाळ भरून येते. वाऱ्याने धुरळा उडतो, दुकानांच्या ताडपत्र्या फडफडतात, चार टपोरे थेंब पडतात आणि मातीचा वास सुटतो. कृषी केंद्राच्या पायरीवर एक शेतकरी येऊन उभा राहतो.

“शेठजी, आभाय भरून आलं. पऱ्हाटीचं बियाणं देऊन टाका.”

“भाऊ, किती पडला ते उद्या सकाळी पाहू. शंभर होऊ द्या, मग घेऊन जा. पिशव्या तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, कुठे जात नाहीत.”

शेतकरी थोडा वेळ आभाळाकडे, थोडा वेळ समोरच्या दुकानाकडे पाहतो. गल्ल्यावर बसलेला मुलगा हलक्या आवाजात म्हणतो, “बाबूजी, आपण नाही दिलं तर समोरचा देईल.” मुलाचे म्हणणे खोटे नसते. गेल्या काही हंगामांत अशी गिऱ्हाइके समोर गेली आहेत. काही परत आली, काही आली नाहीत. मालक उत्तर देत नाहीत. ते पिशव्यांवर शेतकऱ्याचे नाव लिहितात, त्या वेगळ्या फळीवर ठेवतात आणि सूर्यास्ताला अजून दहा मिनिटे आहेत हे घड्याळात पाहून जेवायला आत जातात.

आठ जूनच्या सकाळी समासात आकडा पडतो: 3. हवामान विभागाच्या व्याख्येने पावसाळी दिवस; पेरणीला अजून सत्त्याण्णव कमी.

कोड्याचे उत्तर : 1, 3, 9 आणि 27 शेर. पाच शेर तोलायचे असतील तर 9 चा तुकडा एका पारड्यात आणि 3 व 1 चे तुकडे मालाच्या पारड्यात. वीस शेरांसाठी 27 आणि 3 एकीकडे, मालाबरोबर 9 आणि 1.