टवका रंगाचा, प्रश्न लोखंडाचा

मोटारीच्या बॉनेटवर किंवा दाराच्या कडेला नखाएवढा रंगाचा टवका उडाला, की घरात दोन मते ऐकू येतात. एकजण म्हणतो, “गाडी विद्रूप दिसते, जुळणारा रंग आणून लावून टाका.” दुसरा म्हणतो, “दिसण्याचाच तर प्रश्न आहे. गाडी चालते ना, मग राहू द्या.” ही मते परस्परविरुद्ध वाटली तरी दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत. ती समजूत अशी की मोटारीचा रंग शोभेसाठी असतो. माझ्या मते ही समजूतच चुकीची आहे आणि तिच्यामुळे दोन्ही उपाय फसतात. आपल्या शाळांत गंजण्याचा धडा ज्या रीतीने शिकवला जातो, त्या रीतीचाही यात थोडा वाटा आहे.

प्रथम टवका उडतो कसा ते पाहू. समजा, मोटार ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने चालली आहे. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला 5 ग्रॅमचा खडा तिच्या वाटेत हवेत जवळजवळ स्थिर आहे. मोटारीच्या दृष्टीने पाहिले तर खडाच सेकंदाला 20 मीटर वेगाने अंगावर येतो. गतिज ऊर्जेच्या सूत्रात आकडे घाला: ½ × 0.005 × 20 × 20, म्हणजे 1 जूल. 100 ग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून सोडले तर खाली पोहोचताना त्याच्यापाशी साधारण एवढीच ऊर्जा असते. ती फार वाटत नाही. पण खड्याचे टोक अणकुचीदार असते आणि सगळा आघात टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर होतो. वेग निम्मा, म्हणजे ताशी 36 किलोमीटर केला, तर ही ऊर्जा पाव जूलवर येते. खडी पसरलेल्या रस्त्यावर गाडी हळू चालवावी आणि ट्रकच्या मागे अंतर राखावे, हा सल्ला वर्गाच्या नियमातून असा आपोआप निघतो.

हा आघात कोणावर होतो? मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते, म्हणजे तुमच्या वहीच्या एक-दोन कागदांएवढी. पण एवढ्या जाडीत चार-पाच थर असतात. सर्वांत खाली पत्र्यावर फॉस्फेटचा सूक्ष्म थर देतात. त्यानंतर पूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर बसवतात. विद्युत्-लेपनाची ही पद्धत मोटारींसाठी 1960 च्या दशकात वापरात आली. दिव्याच्या खोबणीत आणि दाराच्या पोकळीत जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथेही ती लेप पोहोचवते. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि शेवटी पारदर्शक चकाकीचा थर. नीट पाहिले तर ज्याला आपण ‘रंग’ म्हणतो तो यातला एकच थर आहे. दाराच्या पोकळीत कोणाची नजर जात नाही, तरी तिथे लेप दिला जातो. कारखान्याला शोभेपेक्षा दुसरे काहीतरी साधायचे आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता टवका पत्र्यापर्यंत गेला आहे असे समजा. उघड्या लोखंडावर पाणी साचले, की तिथे एक चिमुकला विद्युत घट तयार होतो. टवक्याच्या मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात. तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो आणि हायड्रॉक्सिल आयन, म्हणजे अल्क तयार होते. ज्या जागी हवा कमी मिळते तिथे लोखंड झिजते आणि ज्या जागी जास्त मिळते तिथे अल्क जमते, ही गोष्ट केंब्रिजचे संशोधक यु. आर. इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात लोखंडावर ठेवलेल्या मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवून दिली. आपल्या टवक्याच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट ही, की ते अल्क रंगाच्या कडेखाली शिरून रंगाची पत्र्यावरील पकड सोडवते. कड उचलली जाते, तिच्याखाली पाणी शिरते, आणखी लोखंड उघडे पडते आणि तोच खेळ पुढे सरकतो. शिवाय गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली फुगवटे येतात आणि एका टवक्याचे पुढे मोठे पोपडे होतात. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे चांगले वाहक बनते आणि हा व्यवहार वेगाने चालतो. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील गाड्या का लवकर गंजतात, हे आता सांगायला नको.

अॅल्युमिनियमवर तयार होणारे ऑक्साइड दाट असते. ते खालच्या धातूचे रक्षण करते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि हवेला वाट देतो. म्हणजे ‘थोडा गंज चढून आपोआप थांबेल’ ही आशा लोखंडाच्या बाबतीत व्यर्थ आहे. ‘राहू द्या’ म्हणणाऱ्याचे उत्तर इथे चुकते.

पण ‘लगेच रंग लावा’ म्हणणाऱ्याचेही उत्तर चुकते, आणि माझ्या मते ते अधिक फसवे आहे. गंजावरच रंग, नेलपॉलिश किंवा पुट्टी लावली, तर गंजात मुरलेले पाणी आणि मीठ आत कोंडले जाते. रंगाचा कोणताही पातळ थर पूर्णपणे जलरोधक नसतो. बाष्प आणि ऑक्सिजन त्यातून हळूहळू पार होतात. पुट्टी तर स्वतःच ओलावा शोषते. आत गंजणे चालूच राहते आणि वरून सारे ठीक दिसत असल्याने कोणी तिकडे लक्ष देत नाही. उघडा टवका निदान आपली तक्रार डोळ्यांना दाखवतो. झाकलेला गंज तीही दाखवत नाही.

यात धोका कोणता? आजच्या बहुतेक लहान मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचा जोडलेला सांगाडाच सगळा भार पेलतो आणि अपघातात आघातही सोसतो. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा असतो. दाराखालची पट्टी आणि चाकावरची कमान या जागी चिखल साचतो, खडे लागतात आणि टवके दिसतही नाहीत. तिथे पत्रा आतून खाल्ला गेला, तर आत बसणाऱ्या माणसांचे संरक्षण कमी होते. त्यापुढे बॉनेटवरच्या ठिपक्याची शोभा ही अगदी क्षुल्लक गोष्ट आहे.

यावर एक योग्य आक्षेप घेता येईल. आज बऱ्याच मोटारींचा पत्रा जस्तलेपित असतो. मग एवढी काळजी कशाला? जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते, हे खरेच आहे. कथिलाचा लेप असता तर उलट घडले असते. पण जस्ताचा थर काही मायक्रॉनचाच असतो. तो झिजून संपतो, आणि टवका रुंद असेल तर मधल्या लोखंडापर्यंत त्याचे संरक्षण पोहोचत नाही. जस्त आपल्याला सवड देते, सुटका देत नाही.

प्रत्येक टवक्यासाठी धावपळ करावी असेही नाही. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो. तो गंजणार नाही. चुंबक लावून पहा: चिकटला तर खाली पोलाद आहे. टवक्यात करडा किंवा पांढरा प्रायमर दिसत असेल तर पत्रा अजून झाकलेला आहे, थोडी सवड आहे. चकाकता धातू किंवा तांबूस डाग दिसला तर मात्र उशीर करू नये. योग्य क्रम साधा आहे. जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. पॉलिश पेपरने गंज घासून स्वच्छ धातू दिसू द्यावा आणि सैल झालेली रंगाची कड काढावी. थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत उघडे लोखंड काही तासांतही तांबूस होऊ लागते. प्रायमर वाळल्यावर रंगाचे पातळ हात आणि शेवटी पारदर्शक थर. हे काम उघड्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. जुन्या गाडीचा रंग कोरडा घासू नये. त्यात शिशाची संयुगे असू शकतात. रंगाच्या डब्याला दहा मिनिटे लागतात आणि घासण्याला तासभर. म्हणूनच घासणे टाळले जाते, आणि खरे काम तेच असते.

आता शाळेतील धड्याकडे वळतो. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. गंजण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात, हे तो उत्तम सिद्ध करतो. पुढे ‘गंज रोखण्याचे उपाय: रंग, तेल, जस्तलेपन’ अशी एक ओळ येते आणि धडा संपतो. रंग उडाला तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. व्यवहारात तर नेहमी तोच प्रश्न पुढे येतो! माझी शिक्षकांना विनंती आहे की या धड्याला चौथा प्रयोग जोडावा.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून साध्या काळ्या पत्र्याचे चार तुकडे आणा. घासून चकचकीत करा, ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि आठ दिवस वाळू द्या. पहिला तसाच ठेवा. उरलेल्या तिघांवर खिळ्याने पत्र्यापर्यंत रेघ ओढा. 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ घालून रोज चारही तुकड्यांवर शिंपडा. आठवड्याने तिसऱ्याच्या रेघेवर गंजासकट रंग लावा. चौथ्याची रेघ घासून, धुऊन, वाळवून, प्रायमर देऊन मग रंगवा. हे रंग नीट वाळू द्या आणि मग आणखी महिनाभर शिंपडणे चालू ठेवा. शेवटी रेघेवर चिकटपट्टी दाबून ओढा आणि दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर रंग निघाला ते मोजून लिहा. कारखान्यांतील चाचण्याही तत्त्वतः अशाच असतात. तिथे मिठाच्या पाण्याचा फवारा अखंड चालू असतो, एवढाच फरक.

जाता जाता एक कोडे. लोखंडाला लावतात तो तांबडा ‘रेड ऑक्साइड’ प्रायमर हा मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो, म्हणजे गंजाचाच जवळचा नातेवाईक! मग एक लोखंड राखतो आणि दुसरा खातो, हे कसे? वरचा मजकूर पुन्हा वाचलात तर उत्तर तुम्हाला मिळेल. आणि ते मिळाले, की शाळेचे फाटक किंवा जिन्याचा कठडा रंगवायला माणसे येतील तेव्हा त्यांच्या हातात ब्रशच्या आधी पॉलिश पेपर आहे का, हे तुम्ही नक्की पाहाल. नसेल तर नम्रपणे विचारायला संकोच करू नका.